आवडीचा दोर

फार फार वर्षांपूर्वी, सड्यावर एकाही घराला कौल चढलं नव्हतं, तेव्हाची ही गोष्ट. सडा म्हणजे काय ते आधीच सांगून टाकतो, नाहीतर मध्येच विचाराल आणि माझा धागा तुटेल. सडा म्हणजे समुद्राच्या डोक्यावरचं कातळाचं सपाट माळरान. झाड म्हणाल तर औषधाला नाही. दर्यावरून वारा निघाला की मध्ये त्याला कोण अडवणार? तो थेट माणसाच्या उंबऱ्यावर. अशा त्या सड्यावर कातळवाडी नावाचं गाव होतं. घरं मातीची, छपरं गवताची. दर वर्षी छपरावर नवं गवत चढवायचं, त्याला म्हणतात शाकारणी.

गावात देऊळ एकच, कातळाईचं. देवी म्हणजे कातळातूनच वर आलेला काळा पाषाण. कुणी बसवलेला नव्हे, म्हणून कुणाच्या बापाला हलवताही यायचा नाही. देवळाच्या भिंती चिऱ्याच्या, छप्पर मात्र गवताचं, आणि पुढचा मंडप समुद्राकडे तोंड करून सताड उघडा, कारण देवीला दर्या दिसला पाहिजे. आणि या देवळाचा एक नियम होता. आपापल्या घराच्या छपराला दोर बांधा, वर धोंडे ठेवा, काय वाटेल ते करा. देवळाच्या छपराला मात्र दोर लावायचा नाही. देवीला बांधायचं नाही. बांधलेली देवी गावाला राखणार कशी? म्हणून वादळवारा सुटला की अख्खं गाव उठायचं, पोरंबाळं काखेत मारायचं आणि देवळात येऊन बसायचं. न बांधलेल्या छपराखाली! तेव्हा कुणाला त्यात काही वावगं वाटत नसे.

देवीची पूजा साबाजी गुरवाकडे होती. साबाजी माणूस सरळ, पण संशयी. असा संशयी, की त्याची बायको म्हणायची, "ह्यांका आंब्याक आंबे दिसले तरी संशय, कोणी बांधल्यान?" दूधवाल्यावर संशय, पाहुण्यावर संशय, मांजर डोळे मिटून बसलं तर त्याच्यावर संशय. पण साऱ्या गावात त्याचा सगळ्यात जास्त संशय कुणावर होता, तर आवडीवर.

ही आवडी धाकू शाकारणाऱ्याची विधवा. नाव आवडी, पण गावाची नावडती. नवरा छपरावरून पडून गेला, तर बाईनं कासोटा घट्ट मारला आणि त्याच्याच शिडीवरून छपरावर चढली. बाईमाणूस लोकांच्या डोक्यावर चढून गवत बसवतेय, हे कुणी पाहिलं होतं? पण शाकारणी करणारा दुसरा हात गावात नव्हता, म्हणून लोक नाक मुरडून का होईना, तिला बोलवायचे. कमरेला कायम काथ्याच्या दोराचं वेटोळं. हा दोर ती स्वतः वळायची, आणि असा पीळ घालायची की लोक म्हणायचे, सुंभ जळेल पण आवडीचा पीळ जळायचा नाही. तिच्या जिभेलाही तोच पीळ होता. छपरावर धोंडे ठेवणाऱ्याला ती वरूनच सुनवायची, "ठेव, ठेव! वारो इलो की तुझो धोंडो शेजाऱ्याच्या कपाळात. अरे, वारो छप्पर दाबणा नाय, उचलता. डोक्यावरची टोपी कशी उडता? तसा. उचलणाऱ्याक खालसून बांधूचा लागता, वरसून दाबून काय उपयोग?"

आता लोकांच्या मनात काय यायचं, ते तुम्हीच बघा. वारा सुटला की छपरं उडतात. छपरं उडली की आवडीला काम मिळतं. म्हणजे गावाची चूल विझते तेव्हा हिची पेटते. बरं, सगळ्यांची घरं उघडी पडली तरी हिचं घर जसंच्या तसं. त्यात तिनं सड्याच्या टोकाला एक बांबू रोवला होता आणि त्याला काय काय टांगलं होतं! कोंबड्याचं पीस, फडकं, करवंट्यांची माळ, आणि सगळ्यात खाली कुठल्या तरी बुडालेल्या गलबताची गंजकी साखळी. ते पाहून कुणाला वाटणार नाही की ही करणी आहे? गावाचा मानकरी दाजी गावकर तर उघड म्हणायचा, "वारो तिचो पाळलेलो आसा. शीळ घालता नि तो येता."

साबाजीला नुसत्या ऐकीव गोष्टीवर विश्वास ठेवणं कसं जमणार? तो तर ऐकीव गोष्टीवरही संशय घेणारा. एकदा दुपार कलताना तो तिच्या मागे मागे सड्यावर गेला आणि एका मोठ्या धोंड्याआड बसून बघू लागला. आवडी बांबूपाशी गेली, साखळीला हात लावून बघितला, मग वाऱ्याकडे पाठ करून ताठ उभी राहिली आणि तिनं दोन्ही हात पसरले. डावा हात मात्र बराच वेळ तसाच धरून त्या दिशेला बघत राहिली. डावा हात! देवळात डावा कौल म्हणजे देवीचा नकार. 

"कोणाक बोलावतंस गो?" तो उठून ओरडला.

आवडी दचकली नाही. "बोलावूचा कशाक? तो न बोलावता येता," ती म्हणाली. "साबाजीनू, चोरासारखे बसान बघतात, त्यापेक्षा इचारा ना."

आणि तिनं सांगितलं. चूल पेटली की धूर वर जातो आणि दाराच्या फटीतून गार वारा आत सरकतो, तसंच हे. उन्हानं कातळ तापला की त्याच्यावरचा वारा वर चढतो, आणि त्याची जागा घ्यायला दर्यावरचा गार वारा धावत येतो. रात्री कातळ निवतो, मग वारा उलटा जमिनीकडून दर्याकडे जातो. हे रोजचं. पण कधीकधी दूर समुद्रातच मोठी चूल पेटते, मग चहूकडचा वारा तिच्याकडे धावतो आणि गरगर फिरायला लागतो. तो कुठे फिरतोय हे कळायला वाऱ्याकडे पाठ करायची आणि डावा हात पसरायचा. डावा हात जिकडे, तिकडे वादळाचं पोट. आणि बांबूवरचं पीस हललं तर खुशाल कामाला जा, फडकं आडवं झालं तर छपरावरून खाली उतरा, करवंट्या वाजायला लागल्या तर चुली विझवा, गुरं आत घ्या. "आणि साखळी तिरकी झाली," आवडी म्हणाली, "तर छपराखाली थांबा नको. जमनीच्या पोटात जावा."

"ह्या तुका कोणी शिकवल्यान?" साबाजीनं विचारलं. विचारलं म्हणजे काय, दरडावलंच.

"माझ्या घोवाक ज्येनी मारल्यान, त्येनीच शिकवल्यान." आवडी बांबूकडे बघत म्हणाली. "वारो थांबलो म्हणान माझो घोव छपरावर चढलो. वारो थांबूक नव्हतो, साबाजीनू. पाठ फिरवून तोंड करत होतो. दुसऱ्या बाजूसून इलो तो त्येका घेवनच गेलो. तेवापासून सगळ्यांवर भरवसो ठेवीन, पण थांबलेल्या वाऱ्यावर नाय."

साबाजी घरी आला तो विचार करतच. बाई खोटं बोलत नव्हती, एवढं त्याला कळलं होतं. पण एवढं सगळं कळणाऱ्या बाईचा भरवसा धरावा का? संशयी माणसाचं हे असं असतं. उत्तर मिळालं की त्याला उत्तराचाच संशय येतो.

पुढे दसऱ्याच्या सुमारास आवडी देवळाच्या पायरीशी येऊन उभी राहिली. म्हणाली, "साबाजीनू, देवळाचा छप्पर बांधूक व्हया. मंडपाचा तोंड दर्याकडे. वारो भितर शिरलो तर त्येका भायर जावक वाट नाय. मगे तो छपरातसून वाट काढतलो. आणि तुम्ही सगळ्या गावाक हयच आणून बसवतात."

दाजी गावकर नेमका मंडपात सुपारी कातरत बसला होता. तो अडकित्ता टाकून उठला. "देवीक बांधूक सांगतंस? जिभेक काय हाड?"

"देवीक नाय, छपराक."

"छप्पर देवीचा. छपराक बांधलंस म्हणजे देवीकच बांधलंस. चल, उतर पायरीवरून!"

आवडी उतरली. जाता जाता एवढंच म्हणाली, "देवीक राग येयत तर माझ्यावर येवंदे. छप्पर कोणाच्या डोक्यावर येतला, ता बघा."

झालं! बोलाफुलाला गाठ पडली म्हणा, नाहीतर तिचं नशीब फुटकं म्हणा, त्याच आठवड्यात भर दुपारी सड्यावर वावटळ उठली. धुळीचा खांब गरगरत आला आणि गावातून वाकडातिकडा निघून गेला. कितीतरी छपरं उघडी पडली. दाजी गावकराचं छप्पर तर उचलून त्याच्याच विहिरीत टाकलं. आणि आवडीनं बांधलेली घरं? त्यांची काडीही हलली नाही. शहाण्या माणसानं यातून काय घ्यायला हवं होतं? पण गावानं घेतलं भलतंच. दाजी म्हणाला, "बघितलास? जीभ चालवन गेली नि वारो सोडल्यान."

मग कौल लावायचं ठरलं. कौल म्हणजे देवीच्या पाषाणाला उजव्या अंगाला एक आणि डाव्या अंगाला एक अशा ओल्या पाकळ्या चिकटवायच्या आणि प्रश्न विचारायचा. उजवी पडली तर देवीचं होय, डावी पडली तर नाही. सारा गाव मंडपात जमला. साबाजीनं पाकळ्या लावल्या, समई सारखी केली आणि हात जोडून विचारलं, "आये, ही बाय निर्दोष आसात तर उजवो कौल दी."

डावी पाकळी पडली.

गावानं एकदम श्वास सोडला. पण साबाजी गाभाऱ्यात होता, आणि त्यानं दुसरंही एक पाहिलं होतं. पाकळी सुटायच्या आधी क्षणभर समईची ज्योत वाकली होती. छपराखालच्या फटीतून वारा आत आला होता आणि नेमका डाव्या अंगावरून गेला होता. कौल देवीनं दिला की वाऱ्यानं? साबाजीच्या तोंडाशी आलं होतं, पण त्यानं ते गिळलं. देवीच्या कौलावर गुरवानंच संशय घ्यायचा, तर मग गावानं जायचं कुठे?

आवडीला वाळीत टाकलं. तिला विस्तव द्यायचा नाही, विहिरीवर येऊ द्यायचं नाही, छपरावर चढवायचं नाही. तिचा बांबू लोकांनी मोडला, करवंट्या दगडाखाली फोडल्या, साखळी कड्यावरून समुद्रात फेकली. आवडी दारात बसून दोर वळत राहिली. कुणी छप्पर बांधायला बोलावणार नव्हतं, तरी वळत राहिली.

साबाजीला मात्र चैन पडेना. पूजेला बसला की त्याचं लक्ष देवीकडे नसायचं, समईकडे असायचं. ज्योत कधी या अंगाला, कधी त्या अंगाला. एक क्षण सरळ राहील तर शपथ. त्याची मुलगी वेणू पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती, तिला मुलगी झाली. घरात आनंद, आणि हा बाबा आपला समईकडे बघत बसलेला. बायको म्हणाली, "दिव्यात काय भूत बसलाहा?" 

दिवाळी उलटली. भात झोडून झालं. देवीची जत्रा तोंडावर आली, म्हणून साबाजीनं तरंग नेसवून ठेवला. तरंग म्हणजे देवीचं चालतं रूप. उंच काठीला वर चांदीचा मुखवटा, आणि खाली एकावर एक नेसवलेली लुगडी. देवी पाषाणातून उठत नाही, पण तरंगातून गावात फिरते. आणि तरंग देवळाबाहेर पडला की घरातलं प्रत्येक माणूस त्याच्या मागून चालतं. देव बाहेर आणि माणूस आत, असं कातळवाडीत कधी होत नसे.

अशात एके दिवशी सकाळी जमिनीकडचा वारा सुटला. त्यात विशेष काही नाही, सकाळी तो तसाच असतो. पण उन्हं चढली, डोक्यावर आली, तरी वारा फिरेना. रोज या वेळेला दर्यावरून खारा वारा यायचा. आज डोंगराकडूनच, आणि क्षणाक्षणाला जास्त. वारा डोंगराकडून, आणि गाज मात्र समुद्राची, नगारे वाजावेत तशी. साबाजी अंगणात आला. इकडेतिकडे कुणी बघत नाही ना हे त्यानं दहा वेळा पाहिलं, मग वाऱ्याकडे पाठ केली आणि डावा हात पसरला. हात गेला दक्षिणेकडच्या समुद्राकडे. त्यानं चटकन हात खाली घेतला, जणू निखाऱ्यावर पडला होता.

दुपार कलेपर्यंत आभाळ काळं झालं आणि वादळ सड्यावर आलं. काय वारा तो! असं म्हणतात की विहिरीतलं पाणी काठावर चढलं आणि दगडी जातं घरंगळत अंगणात आलं. जातं काही मी पाहिलं नाही, पण वारा तसा असेल, हे मानायला माझी ना नाही. गाव देवळात धावलं. वेणूनं तान्ही पोर गाभाऱ्यात देवीच्या पायाशी ठेवली, कारण त्याहून सुरक्षित जागा त्रिभुवनात नाही असंच सगळे समजत होते. वारा देवळाच्या पाठीवर आदळत होता, चिऱ्याच्या भिंती तो झेलत होत्या, आणि छप्पर कुरकुरत होतं पण जागचं हललं नाही. आवडी आपल्या घरात एकटी होती. तिला कुणी बोलावलं नाही.

आणि मग एकाएकी वारा थांबला.

थांबला म्हणजे असा, की कानात दडे बसले. ढग फाटले आणि पिवळं ऊन पडलं. दमलेले समुद्रपक्षी कुठून कुठून येऊन देवळाच्या अंगणात बसले, माणूस जवळ गेला तरी उडेनात. लोक मंडपातून बाहेर डोकावले, हसायला लागले, एकमेकांच्या गळ्यात पडले. दाजी गावकर गरजला, "देवीन राखल्यान! नारळ आणा रे!"

तेवढ्यात आवडी धावत अंगणात आली. केस मोकळे, कमरेला दोर. "भायर पडा!" ती ओरडली. "सगळे भायर पडा! वारो गेलो नाय, फिरता हा. आता तो दर्याकडसून येतलो, सरळ मंडपात. जुन्या चिरेखाणीत चला, विहिरीसारखी खोल आसा, दर्याच्या बाजूक उंच भिंत आसा. बिगी बिगी!"

लोक तिच्याकडे बघत राहिले. ऊन पडलेलं, पान हलत नाही, देवीनं डोळ्यांदेखत राखलेलं, आणि ही वाळीत टाकलेली बाई सांगतेय, देऊळ सोडा आणि खाणीत उतरा. तुम्ही असता तर गेला असता का? खरं सांगा.

"हिका आमका देवीपासून तोडूचा आसा," दाजी म्हणाला. "हिचो काय भरवसो? साबाजी, कौल लाव!"

"कौल लाव, कौल लाव," सगळे म्हणाले.

साबाजी गाभाऱ्यात गेला.  पाकळ्या भिजवून लावल्या आणि विचारलं, "आये, भायर जाव काय?" आणि तो वाट बघत राहिला. उजवी पडेना. डावी पडेना. पाकळ्या जिथल्या तिथे चिकटून बसल्या. बाहेरून दाजीची हाक आली, "काय म्हणता देवी?" साबाजीनं समईकडे बघितलं.  ज्योत सरळ उभी होती. त्याच्या बापानं पूजा केली, आज्यानं केली. या देवळात ज्योत सरळ उभी राहिलेली कुणी पाहिली नव्हती. वारा नाही, तर कौलही नाही! मग इतकी वर्षं कौल देत होतं कोण? आणि त्या दिवशी त्या बाईला वाळीत टाकलं ते कुणाच्या सांगण्यावरून?

जन्मभर साबाजीनं माणसांवर संशय घेतला होता. त्या घटकेला त्याला त्या शांततेचा संशय आला. पायाशी नात झोपली होती, मूठ तोंडात घालून. वर ते न बांधलेलं छप्पर. बाहेर जाऊन समजावत बसला असता, तर एक ऐकणार, दोघं भांडणार आणि वेळ निघून जाणार. खोटा कौल सांगणं त्याच्या जिभेवर येईना. साबाजीनं नात वेणूच्या पदरात टाकली, कोपऱ्यातला तरंग दोन्ही हातांनी उचलला आणि एक शब्द न बोलता मंडपातून बाहेर पडला.

देवी निघाली! मग बसतंय कोण? म्हातारी उठली, बाळंतीण उठली, पांगळे दुसऱ्याच्या पाठीवर बसले. अख्खं गाव तरंगामागून चिरेखाणीच्या वाटेला लागलं. दाजी तेवढा मंडपात उभा राहून ओरडत होता, "अरे, कौल खंय? कौलाशिवाय देवी हलवतात?" कुणी मागे वळून पाहिलं नाही.

अर्धी वाट झाली आणि समुद्राकडून आवाज आला. आधी आवाज, मग वारा. पहिल्याच झोतानं तरंगाची लुगडी फुगली आणि साबाजी काठीसकट फरफटत निघाला. आवडी त्याच्या कानाशी ओरडली, "लुगडी सोडा, साबाजीनू! शीड झाला त्येचा!"

देवीची लुगडी सोडायची? भर वाटेत, लोकांदेखत? साबाजीचा हात धजेना. तेवढ्यात त्यानं वेणूला पाहिलं. पोर छातीशी धरून ती गुडघ्यावर पडली होती आणि वारा तिला कड्याच्या बाजूला लोटत होता. त्यानं देवीची क्षमा मागितली आणि गाठ ओढली. लुगडी सुटली, आवडीनं ती एकाला एक बांधली, आणि त्या लांबलचक कापडाला धरून सारं गाव एका ओळीत वाकून वाकून चालत खाणीत उतरलं. वेणूला तिच्या आईनं त्याच लुगड्याच्या पिळात अडकवून घेतलं होतं. खाणीच्या उंच भिंतीखाली सगळे अंग चोरून बसले. वरून वारा किंचाळत जात होता, पाणी उताराला निघून जात होतं, पण खाली ज्योत लावली असती तर तगली असती.

मग दाजीच्या बायकोनं हंबरडा फोडला. दाजी आला नव्हता.

आवडी उठली. साबाजीनं तिचा हात धरला. आजवर तिच्या सावलीला न शिवलेला साबाजी, त्यानं हात धरला. "जाव नको, आवडी. त्येनीच तुका वाळीत टाकल्यान. नि मीय गप रवलंय. जाव नको."

"छपराखाली माणूस आसा," आवडी म्हणाली. "छपराचा काम माझा." आणि हात सोडवून, जमिनीला पोट लावून ती वर सरपटत गेली.

दिवस मावळला, वारा हळूहळू उतरत गेला, पण साबाजीनं कुणाला हलू दिलं नाही. उजाडल्यावर लोक देवळापाशी आले. भिंती उभ्या होत्या. छप्पर नव्हतं. मंडपाचे खांब मुळासकट गेले होते. आणि उघड्या आभाळाखाली, गाभाऱ्यात, देवीच्या पाषाणाला दोरानं करकचून बांधलेला दाजी गावकर बसला होता. जिवंत! ज्या दाजीनं देवीच्या छपराला दोर लावू दिला नाही, तो देवीलाच बांधलेला होता, आणि दोराच्या गाठी आवडीच्या होत्या.

"आवडी खंय?" साबाजीनं विचारलं.

 दाजी लहान पोरासारखा रडायला लागला. त्यानं सांगितलं ते एवढंच. ती आली, त्याला ओढत गाभाऱ्यात नेलं, पाषाणाला बांधलं. दोन वेढे दिले, गाठ मारली, आणि दोर संपला. "माझ्यापुरतोच होतो," दाजी म्हणाला. "तिच्यापुरतो उरलो नाय." मग वारा आत शिरला, छप्पर उचललं गेलं आणि एकदम उजेड झाला. दाजीनं पाहिलं तर आवडी वाऱ्याकडे पाठ करून उभी होती, दोन्ही हात पसरून. डोळ्यांत माती गेली म्हणून त्यानं डोळे मिटले. उघडले तेव्हा तिथं कुणी नव्हतं.

तिला खूप शोधलं. कड्याखाली शोधलं, भातशेतीत शोधलं. एक चिंधी सापडली नाही. कुणी म्हणतं, वाऱ्यानं तिला नेली. कुणी म्हणतं, तीच वाऱ्याच्या मानगुटीवर बसून गेली, नवऱ्याचा हिशेब चुकता करायला. असं म्हणतात की साबाजी गुरवानं ती मेली हे मरेपर्यंत मानलं नाही. तो म्हणायचा, "गेलो वारो दुसऱ्या बाजूसून परत येता. तीय येतली." संशयी माणूस तो, मरणावरही त्यानं संशय घेतला. मला मात्र त्याचा तो संशय आवडतो.

तेव्हापासून कातळवाडीत देवळाचं छप्पर बांधतात. आता कौलं आहेत, तरीही बांधतात. दसऱ्याला घरोघरी काथ्या वळतात. पहिला वेढा देवीच्या पाषाणाला, तिथून वर छपरावर, आणि तिथून खाली जमिनीतल्या खुंटाला. पहिली गाठ गुरव मारतो आणि दुसरी गावकराच्या घरातला. सड्याच्या टोकाला पुन्हा बांबू आहे, त्यावर पीस आहे, फडकं आहे, करवंट्या आहेत, आणि नवी साखळीही आहे. वादळात वारा एकाएकी थांबला तर तिथलं शेंबडं पोरही वादळ गेलं असं म्हणत नाही. गुरव समई लावतो, आणि ज्योत सरळ उभी राहिली की सगळा गाव उठून खाणीकडे चालू लागतो. वाऱ्याकडे पाठ करून डावा हात पसरायला तर तिथं चालता येण्याआधी शिकवतात.

आणि सगळं बांधून झालं की एक दोर जास्तीचा वळतात. एका माणसाला पुरेल एवढा. तो कशालाच बांधत नाहीत. देवळाच्या दारात खुंटीला वेटोळं करून टांगून ठेवतात, जुना झाला की काढून नवा टांगतात. नवख्या माणसानं विचारलं, हा कुणासाठी, तर गावातलं कुणीही सांगेल, आवडीसाठी. त्या दिवशी तिला कमी पडला होता.